धोटा माळ्यावरून खाली काढ

‘ताई, आमच्या घरामागच्या शेडमधले चारही यंत्रमाग दिवाळीनंतर भंगारात गेले. किलोच्या भावानं. मिस्टर आता दुसऱ्याच्या कारखान्यावर जातात, मुलगा पुण्याला असतो. वीस वर्षं मी कांड्या भरल्या, मागासाठी सूत गुंडाळून दिलं, आता कडक भाकरीच्या ऑर्डरी घेते. दिवसभर घरात मी आणि सासरे, वय ७८. हाक मारली तर ओ देत नाहीत, टीव्ही मोठ्यानं लावतात, “माझ्यामागं काय कुजबुजता” म्हणतात. रात्री उठून विचारतात, माग कुणी चालू केला? उशाशी एक धोटा, मागावर आडवं सूत नेणारं ते लाकूड, घेऊन झोपायचे. परवा मी भडकले. “माग गेले, आता तरी शांत बसा” म्हणाले आणि धोटा माळ्यावर टाकला. तेव्हापासून ते माझ्याशी बोलत नाहीत. त्यांची कीव येते आणि रागही येतो. मन शांत कसं ठेवू?’
— एक सून, सोलापूर

अगं, मनाचं नंतर बघू. आधी सासऱ्यांचे कान.

मागाच्या खडखडाटात शेजारच्या माणसाशी बोलायचं तर कानाशी जाऊन ओरडावं लागतं, हे तुला मी काय सांगणार. तुझ्या सासऱ्यांचं सगळं आयुष्य त्या आवाजात गेलं. अशा आवाजानं कानाच्या आतल्या नाजूक पेशी मरतात आणि त्या पुन्हा येत नाहीत. सगळ्यात आधी बारीक, उंच आवाज जातात. म्हणजे तू बोलतेस हे त्यांना कळतं, पण काय बोलतेस ते कळत नाही. स, त, फ अशी अक्षरं गळून पडतात. बायकांचा आवाज तर आणखी अवघड. मग तुम्ही दोघं हळू बोललात की त्यांना वाटतं, आपल्यापासून काहीतरी लपवतात.

रात्रीचंही असंच असू शकेल. अशा कानांत पुष्कळांना सतत गुणगुण ऐकू येते. बाहेर आवाज असला की ती झाकली जाते, सामसूम झाली की वर येते. माग चालू झाला असं त्यांना वाटत असेल, तर ते उगाच नसेल.

म्हणून या पंधरवड्यात त्यांना सिव्हिलच्या कान-नाक-घशाच्या ओपीडीत घेऊन जा. किती वर्षं मागावर होते ते सांग, रात्रीचं बोलणंही सांग. विसरभोळेपणा सुरू झालाय का, तेही डॉक्टरांना विचार. तोवर समोर जाऊन, तुझं तोंड त्यांना दिसेल असं, सावकाश बोल. मोठ्यानं ओरडल्यानं शब्द स्पष्ट होत नाहीत, कपाळावरची आठी तेवढी दिसते.

आता धोट्याचं. माझं लहानपण मागांच्या गल्लीत गेलं. दुपारी लाईट गेली की सगळे माग एकदम थांबायचे आणि पाळण्यातली पोरं दचकून जागी व्हायची. त्या खडखडाटातच आम्हाला झोप लागायची. तुझ्या घरात दिवाळीपासून तशीच लाईट गेलेली आहे आणि ती परत येणार नाही. धोटा हातात धरून बघ एकदा. लाकूड बोटांनी झिजून गुळगुळीत झालेलं असेल, दोन्ही टोकांची लोखंडी अणकुची चकचकीत असेल. सोलापुरी चादरीला २००५ साली भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा तुमच्या शेडमधले माग चालूच होते ना? भंगारवाल्यानं किलोत मोजलं ते हेच. त्यांच्या हातात एवढा एक धोटा उरला होता.

त्यांना कुणी ‘विसरा आता’ म्हणत असेल तर म्हणू देऊ नकोस. उलट विचार. या गावानं हे आधीही पाहिलंय. १८७७ साली सुरू झालेली जुनी कापडगिरणी साठच्या दशकात बंद पडली, तेव्हा तुझे सासरे मिसरूड फुटायच्या वयाचे असतील. घरोघरी तेव्हा काय झालं, चूल कशी चालली, कुणी पहिला माग कसा टाकला, हे त्यांना विचार. दहा मिनिटं पुरेत. ऐकताना भाकरी थापलीस तरी चालेल.

आणि आता तू. पत्रात एक वाक्य तू घाईनं लिहून पुढे गेलीस. वीस वर्षं मी कांड्या भरल्या. तुला कुणी विचारलं का, त्या थांबल्यावर तुला काय वाटलं? माग सासऱ्यांचे गेले, मिस्टरांचे गेले, असंच सगळे म्हणाले असतील. तुझेही गेले, बाई. परवाचा तुझा राग निम्मा तरी तिथला आहे असं मला वाटतं. त्याची लाज वाटून घेऊ नकोस. कीव आणि राग एकाच घरात राहतात, त्यातलं एक हाकलायची गरज नाही.

शांत राहायचं म्हणजे सगळं गिळत राहायचं, असं मी तुला कधीच सांगणार नाही. गिळलेलं परवासारखं बाहेर येतं. डोकं तापलं की बोलायच्या आधी तव्यापाशी जा. भाकरी टाक, आणि ती सुटेपर्यंत श्वास घ्यायला लागतो त्यापेक्षा सोडायला जास्त वेळ लाव. त्यानं छातीतली धडधड खरंच मंदावते. मग जे बोलायचं ते बोल, पण बोल. ‘अण्णा, टीव्हीचा आवाज मला सोसत नाही’ हे सांगायचा तुला पूर्ण हक्क आहे.

मिस्टरांनाही यात ओढ. कामावरून दमून येतात हे खरं, पण रात्री वडील उठले की उठायचं काम त्यांचं. आठवड्यातून एक संध्याकाळ तुझी असू दे. सिद्धेश्वर तळ्यापाशी जा, नाहीतर बहिणीकडे जा, तुझी तू ठरव. आणि झोप उडाली, सारखं रडू यायला लागलं, तर १४४१६ वर फोन कर. सरकारची टेलि-मानस सेवा आहे, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येतं.

माफी मागायला मोठं भाषण नको, त्यांना ते ऐकूही येणार नाही. आज संध्याकाळी स्टूल घे, माळ्यावरून धोटा काढ, फडक्यानं पूस आणि त्यांच्या हातात दे. समोर बस. ते काही बोलले नाहीत तरी लगेच उठू नकोस.

डॉक्टर कानाबद्दल काय म्हणाले ते मला कळव.