काय बाधलं, आणि किती वेळात?
वाचकांचे प्रश्न : मुलांच्या अन्नातील ॲलर्जी

प्रश्न : मुलगा तीन वर्षांचा. लग्नात त्याने काजूकतलीचा एक तुकडा खाल्ला. दहाएक मिनिटांत अंगावर गांधी उठल्या, ओठ सुजला, दोन-तीनदा उलटी झाली. घरी होतं ते सेटिरिझिन (खाज-ॲलर्जीचं औषध) दिलं, दोन तासांत ओसरलं. नंतर रक्ताची मोठी तपासणी केली. अहवालात गहू, तूरडाळ, वांगं, दूध, काजू धरून अकरा पदार्थांपुढे लाल खूण आहे. तीन आठवड्यांपासून तो भात आणि मुगाचं वरण यावरच आहे. वजन अर्धा किलो उतरलं. (एक आई, प्रतापनगर)

उत्तर : आधी अहवाल बाजूला ठेवा आणि आठवा : लग्नाच्या आदल्या आठवड्यात तो पोळी, तुरीचं वरण, दूध घेत होता का? घेत होता आणि काही होत नव्हतं, तर त्या पदार्थांची त्याला ॲलर्जी नाही, कागदावर काहीही छापलेलं असो. रक्तातली ही तपासणी त्या पदार्थाविरुद्धचं आयजीई (ॲलर्जीशी संबंधित प्रतिपिंड) मोजते. आकडा 0.35 च्या वर गेला की प्रयोगशाळा खूण करते. पण शरीराने एखादा पदार्थ ओळखून ठेवणं वेगळं आणि तो खाऊन त्रास होणं वेगळं. एक्झिमा (कोरडी, खाजरी, लाल कातडी) असलेल्या मुलांमध्ये तर अशा पोकळ खुणा ढिगाने निघतात. म्हणून चाळीस पदार्थांची थाळी एकदम तपासूच नये, ज्याचा संशय आहे तेवढंच तपासावं. आयजीजीच्या (दुसऱ्या जातीच्या प्रतिपिंडाच्या) आणि केसांच्या तपासण्या होतात, त्यांचा ॲलर्जीच्या निदानाला काडीचाही उपयोग नाही.

बंद केलेले पदार्थ डॉक्टरांशी बोलून लवकर सुरू करा, महिनोन्‌महिने थांबू नका. पूर्वी पचणारा पदार्थ दीर्घकाळ तोडला तर, विशेषतः एक्झिमाच्या मुलांत, तो परत देताना खरीखुरी रिॲक्शन येऊ शकते. आधी नसलेली ॲलर्जी आपणच ओढवून घेतो ती अशी.

काजूचं मात्र वेगळं आहे. तुम्ही सांगितलेलं वर्णन अहवालापेक्षा बोलकं आहे : काय खाल्लं ते ठाऊक, दहा मिनिटांत सुरुवात, त्वचा आणि पोट दोन्हीकडे लक्षणं. आयजीई प्रकारची ॲलर्जी साधारणपणे काही मिनिटांत ते दोन तासांत दिसते. आणि अंगावर गांधी उठून वारंवार उलट्या होणं ही नुसती ‘अंगावर पित्त उठलं’ अशी गोष्ट नव्हे, ती ॲनाफिलॅक्सिस, म्हणजे जिवावर बेतू शकणारी रिॲक्शन, आहे. आमसुलाचं पाणी चोळण्यात अर्धा तास जातो, तो इथे परवडत नाही. सेटिरिझिनने खाज आणि गांधी कमी होतात, श्वास किंवा रक्तदाब सावरत नाही. त्या दिवशी आपोआप ओसरलं, पुढच्या वेळी ओसरेलच असं नाही.

काजू पूर्ण बंद, आणि सोबत पिस्ताही, कारण दोघांतली प्रथिनं इतकी सारखी असतात की एकाची ॲलर्जी असलेल्यांना बहुधा दुसराही बाधतो. बदाम, अक्रोड, शेंगदाणे तो आधीपासून खात असेल तर चालू ठेवा.

नक्की करायला स्किन प्रिक टेस्ट होते. हातावर काजूच्या अर्काचा थेंब ठेवून बारीक टोचतात, शेजारी तुलनेसाठी मिठाच्या पाण्याचा (याने फुगू नये) आणि हिस्टामिनचा (याने फुगायलाच हवं) थेंब असतो. पंधरा-वीस मिनिटांनी फुगवटा मोजतात. मिठाच्या पाण्यापेक्षा 3 मिलिमीटर किंवा जास्त मोठा असला तर टेस्ट पॉझिटिव्ह. गडबड होते ती औषधांमुळे : सेटिरिझिन पाच ते सात दिवस आधी थांबवावं लागतं, आणि सर्दी-खोकल्याच्या कितीतरी सिरपमध्ये त्याच जातीचं क्लोरफेनिरामिन असतं हे पालकांच्या लक्षात येत नाही. हिस्टामिनचा थेंबसुद्धा फुगला नाही तर ती टेस्ट वायाच. मोठ्या रिॲक्शननंतर चार-सहा आठवडे जाऊ द्यावेत. तरीही शंका उरली तर दवाखान्यात, सुई-औषध हाताशी ठेवून, पदार्थ अगदी कणभरापासून वाढवत खायला देऊन बघतात. शेवटचा निवाडा त्या चाचणीचा. घरी हा प्रयोग करू नये.

डॉक्टरांकडे जाताना एका कागदावर लिहून न्या : किती वाजता, किती तुकडा, सोबत आणखी काय, कितव्या मिनिटाला पहिलं लक्षण, कोणतं औषध, किती वाजता ओसरलं. गांधींचा फोटो काढून ठेवा, तुमचा नंबर लागेपर्यंत त्या विरून जातात. पाकीटबंद वस्तू असेल तर वेष्टन फेकू नका.

प्रश्न : डॉक्टरांनी ॲड्रिनॅलिनची (ॲनाफिलॅक्सिसमध्ये टोचायचं औषध) ॲम्प्यूल आणि सिरिंज घरी ठेवायला सांगितली आहे. मुलगी 15 किलोची. मे महिन्यात ती ठेवायची कुठे? आणि खरं सांगायचं तर, टोचायची हिंमत होणार नाही असं वाटतं. (एक वडील, मानेवाडा)

उत्तर : हिमतीचं आधी. योग्य मात्रेत, मांडीच्या स्नायूत दिलेलं ॲड्रिनॅलिन मुलांमध्ये सुरक्षित आहे. धोका उशिराचा असतो. श्वास घ्यायला त्रास, छातीत घरघर, आवाज घोगरा, सतत खोकला, जीभ सुजणं, अंग सैल पडणं, ग्लानी, यातलं एकही दिसलं तरी द्या. गांधींसोबत वारंवार उलट्या होत असतील तरीही द्या. आणि दिल्यावर मूल थरथरतं, पांढरं पडतं, छाती धडधडते. हे औषधाचं काम आहे, काही मिनिटांत ओसरतं.

मात्रा किलोमागे 0.01 मिलिग्रॅम. ॲम्प्यूलवर 1 मिलिलिटरमध्ये 1 मिलिग्रॅम (1:1000) लिहिलेलं असेल तर 15 किलोला 0.15 मिलिलिटर. मुलांमध्ये एका वेळी 0.3 मिलिलिटरच्या वर जायचं नाही. वजन वाढलं की मात्रा बदलते, म्हणून दर तीन-चार महिन्यांनी वजन करून डॉक्टरांकडून आकडा नवा लिहून घ्या.

सिरिंजची चूक फार होते. औषधाच्या दुकानात ‘छोटी सिरिंज’ मागितली की इन्सुलिनची हातात येते. तिच्यावर खुणा युनिटच्या असतात. आपल्याकडच्या 40 युनिटच्या सिरिंजवर 0.15 मिलिलिटर म्हणजे 6 युनिट. घाबरलेल्या माणसाने 15 च्या खुणेपर्यंत भरलं तर अडीच पट औषध जाईल. शिवाय तिची सुई आखूड, औषध कातडीखालीच राहतं आणि हळू शोषलं जातं. 1 मिलिलिटरची ट्युबरक्युलिन सिरिंज घ्या, तिच्यावर 0.01 च्या रेघा असतात. सुई एक इंची, 23 किंवा 24 गेजची. 0.15 च्या रेघेवर पातळ चिकटपट्टी लावून ठेवा. ॲम्प्यूल फोडायचा आणि भरायचा सराव डॉक्टरांसमोर दोन-तीनदा करा. मुदत संपलेल्या ॲम्प्यूल सरावाला चांगल्या.

जागा : मांडीचा बाहेरचा भाग, कमर आणि गुडघा यांच्या बरोबर मध्ये. दंडात नको, कुल्ल्यावर नको. सुई सरळ काटकोनात. मग मुलीला आडवं निजवून पाय उशीवर. धाप लागली असेल तर बसवा, उलटी होत असेल तर कुशीवर. उचलून खांद्यावर घेऊन धावू नका. रक्तदाब उतरलेला असताना मूल एकदम उभं केलं तर हृदयाकडे रक्त परतत नाही, आणि जीव जातो तो अशा वेळी. 108 लावा. पाच मिनिटांत फरक नाही तर दुसरी मात्रा दुसऱ्या मांडीत, म्हणून डब्यात नेहमी दोन ॲम्प्यूल आणि दोन सिरिंज. बरी वाटली तरी दवाखान्यात न्यायचंच. काही तासांनी लक्षणं परत उसळू शकतात, म्हणून निदान चार ते सहा तास तिथे थांबावं लागतं. मेडिकल, मेयो, एम्स ही सरकारी रुग्णालयं की जवळचं खाजगी रुग्णालय, हे आजच ठरवून रस्ता पाहून ठेवा.

आता नागपूरचा मे. पारा 45 च्या पार जातो तेव्हा गाडीच्या डॅशबोर्डवर किंवा स्कूटरच्या डिकीत ठेवलेलं औषध निकामी झालंच असं समजा. खोक्यावर छापलेली तापमानाची मर्यादा (बहुधा 25 किंवा 30 अंश) पाळा, उजेडापासून झाका, आणि गोठू देऊ नका : बर्फाच्या डब्याला थेट टेकवायचं नाही. बाहेर नेताना तोंड रुंद असलेला छोटा थर्मास किंवा इन्सुलिनची गार पिशवी, मध्ये रुमालाची घडी. रंग गुलाबी-तपकिरी झाला किंवा कण दिसले तर टाकून द्या. पण स्वच्छ दिसतं म्हणजे जोर टिकून आहे असंही नाही. सिरिंजमध्ये आधीच भरून ठेवायला सांगितलं असेल तर ती किती दिवसांनी बदलायची ते विचारा, भरलेल्या औषधाचं आयुष्य ॲम्प्यूलपेक्षा बरंच कमी असतं.

प्रश्न : नातू सात महिन्यांचा. संत्र्याची फोड चोखायला दिली तर तोंडाभोवती लालेलाल झालं. त्याला संत्रं चालत नाही का बाप्पा? आणि अंडं, शेंगदाणे दोन वर्षं देऊ नका म्हणतात ते काहून? (एक आजी, महाल)

उत्तर : आजी, लाली रस लागला तेवढ्याच जागेवर होती ना? आणि तासाभरात गेली? मग ती आंबट रसाने नाजूक कातडीची झालेली आग. टोमॅटोनेही होते. पुढच्या वेळी आधी ओठांभोवती व्हॅसलिनचं बोट फिरवा आणि खाऊन झालं की ओल्या फडक्याने टिपा. रस लागलाच नाही अशा जागी, पोटावर-पाठीवर गांधी उठल्या, डोळे सुजले किंवा उलटी झाली तर मात्र दाखवा.

दोन वर्षांचा नियम जुना झाला. लंडनमध्ये झालेल्या आणि 2015 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात एक्झिमा किंवा अंड्याची ॲलर्जी असलेली 640 बाळं होती. 4 ते 11 महिन्यांच्या वयात शेंगदाणा सुरू करून पाचव्या वर्षापर्यंत नियमित खाणाऱ्यांमध्ये शेंगदाण्याची ॲलर्जी सुमारे 80 टक्क्यांनी कमी निघाली. उशीर केल्याने बचाव होत नाही, उलट होतं.

द्यायचं कसं : भाजून सोललेल्या दाण्यांचं अगदी बारीक, लोण्यासारखं कूट, आईच्या दुधात किंवा गरम पाण्यात सैल करून. पहिल्या दिवशी सकाळी, बाळ बरं असताना, चमच्याच्या टोकावर. दहा-पंधरा मिनिटं पाहा, मग उरलेलं चमचाभर. पुढचे दोन तास बाळ नजरेसमोर. रुचलं तर आठवड्यातून दोन-तीनदा चालू ठेवा, एकदा देऊन सोडून देऊ नका. अख्खा दाणा पाच वर्षांपर्यंत नाही. तो ॲलर्जीमुळे नव्हे, श्वासनलिकेत अडकतो म्हणून. अंडं घरात चालत असेल तर पूर्ण उकडलेलं, कुस्करून, याच रीतीने. बाळाला जोराचा एक्झिमा असेल तर सुरुवात डॉक्टरांना विचारून.

एक न विचारलेलं सांगतो. खाजरी, फुटलेली कातडी असलेल्या बाळाला डाळीचं पीठ आणि साय लावून चोळू नका. तोंडावाटे गेलेलं अन्न शरीर सहसा आपलंसं करतं. तेच फाटक्या कातडीतून शिरलं तर परकं म्हणून नोंदतं.

प्रश्न : दीड महिन्याचं बाळ फक्त अंगावर पितं. शीमध्ये रक्ताचे धागे आणि शेंबूड येतो, एरवी खुशाल, वजनही वाढतंय. ‘गाईच्या दुधाची ॲलर्जी’ सांगितली. मी काय सोडू? बाळाला बकरीचं दूध चालेल का? (एक आई, वर्धमाननगर)

उत्तर : तुम्ही अंगावर पाजणं सोडू नका. तुमच्या जेवणातलं दुधाचं प्रथिन बाळाच्या आतड्याला झोंबतंय. ही आयजीई प्रकारची ॲलर्जी नव्हे, त्यामुळे रक्ताची किंवा टोचून करायची तपासणी इथे कोरीच येते. निदान होतं ते आहारातून : दोन ते चार आठवडे दूध, दही, ताक, पनीर, खवा, संत्रा बर्फी, दूध पावडर असलेली बिस्किटं आणि टोस्ट बंद. तुपात प्रथिन नगण्य असतं पण शून्य नसतं, म्हणून परीक्षेच्या काळात तेही नको. रक्त थांबलं की दूध पुन्हा सुरू करून पाहायचं. परत आलं तरच निदान पक्कं. ही दुसरी पायरी बहुतेक जणी गाळतात आणि वर्षभर विनाकारण कोरडं जेवतात. तोवर तुम्हाला रोज सुमारे 1000 मिलिग्रॅम कॅल्शियम हवं. नाचणी आणि तीळ खा, उरलेलं गोळीतून.

बकरीचं आणि म्हशीचं दूध नाही. त्यांची प्रथिनं गाईच्या इतकी जवळची आहेत की बहुतेकांना तीही बाधतात. वरचं दूध द्यायचीच वेळ आली तर प्रथिनं बारीक तोडलेली खास पावडर डॉक्टर लिहून देतील. ताप, जास्त रक्त, पोट फुगणं किंवा वजन थांबणं दिसलं तर त्याच दिवशी दाखवा.

प्रश्न : आठ वर्षांच्या मुलीला हरभऱ्याची ॲलर्जी नक्की झाली आहे. बाहेर खाताना काय पाहायचं? (एक पालक, धरमपेठ)

उत्तर : नागपुरात ही अवघड ॲलर्जी आहे. पाटोडी, आलूबोंडा, सांबारवडी ओळखू येतात. दगा देते ती पोह्यांवरची तर्री, तिच्यात हरभरे असतात. नुसते पोहे मागितले तरी डाव तोच फिरतो आणि वर शेव भुरभुरली जाते. कढी बेसनाची. समोसा मैद्याचा असला तरी तळला त्याच कढईत, जिथे आधी भजी निघाली. ‘यात बेसन आहे का?’ असं विचारलं की ‘नाही’ येतं; ‘ही कढई कशाकशाची?’ असं विचारा.

पाकिटावर ठळक ‘ॲलर्जी’ सूचना शोधून भागणार नाही. आपल्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या लेबल नियमांत आठ गट आहेत : ग्लूटेनची धान्यं, कोळंबी-खेकडा, दूध, अंडी, मासे, शेंगदाणे व सुकामेवा, सोयाबीन आणि ठरावीक मात्रेवरचे सल्फाइट. हरभरा त्यात नाही, तीळ आणि मोहरीही नाहीत. म्हणून घटकांची बारीक अक्षरांतली यादी पूर्ण वाचायची, दर खरेदीला, कारण कृती बदलते. बेसन, सत्तू, डाळवं, फुटाणे ही हरभऱ्याचीच रूपं. मसूर आणि वाटाणा हरभऱ्याशी मिळतेजुळते, ते कधी बाधले का ते डॉक्टरांना सांगा. तूर-मूग बिनत्रासाचे खात असेल तर तोडू नका. शाळेच्या डब्यात अदलाबदल नाही, आणि वर्गशिक्षिकेकडे फोटोसह एक पान : काय टाळायचं, कोणतं लक्षण, कोणतं औषध, कोणाला फोन.

प्रश्न : अंड्याची ॲलर्जी असताना गोवरची लस द्यावी का? ही ॲलर्जी जाते का? (वाचक, कामठी)

उत्तर : द्यावी. गोवर आणि एमएमआर (गोवर-गालगुंड-रुबेला) लशीला अंड्याची ॲलर्जी आड येत नाही. दूध-अंड्याची ॲलर्जी बहुतेक मुलांची शाळकरी वयापर्यंत किंवा थोडी पुढे जाते, शेंगदाण्याची साधारण पाचातल्या एकाची. वर्षातून एकदा फेरतपासणी करा. अंडं बाधणारी बरीच मुलं केकमध्ये नीट भाजलेलं अंडं पचवतात, पण ते पहिल्यांदा दवाखान्यात खाऊन बघायचं, वाढदिवसाला नव्हे.