वाचकांचे प्रश्न : एका चषकाने रग्बी दुभंगली?

प्रश्न : आमच्या चिरंजीवांना रग्बीचे वेड लागले आहे. त्याच्याबरोबर बॉम्बे जिमखान्याच्या मैदानावर पंधरा-पंधरा खेळाडूंचा सामना पाहिला. पुढे टीव्हीवर जी रग्बी दिसली तिच्यात मात्र प्रत्येक बाजूला तेराच खेळाडू होते आणि नियमही निराळे वाटले. ही फाटाफूट इंग्लंडमधील यॉर्कशर परगण्याच्या चषक स्पर्धेमुळे झाली, असे तो सांगतो. परगण्यापुरत्या स्पर्धेमुळे एवढा मोठा खेळ दुभंगेल हे पटत नाही. खरे काय? आणि ती स्पर्धा अजून होते का?
— एक वाचक, लालबाग

उत्तर : आपल्या चिरंजीवांचे म्हणणे बरेचसे खरे आहे, फक्त चषक हे निमित्त होते आणि खरे भांडण खाड्याचे होते, एवढी दुरुस्ती त्यात करावी लागेल. खाडा म्हणजे काय हे लालबागच्या वाचकाला आम्ही सांगण्याची गरज नाही.

रग्बी फुटबॉल युनियन ही इंग्लंडमधील शिखर संस्था १८७१ मध्ये लंडनमध्ये स्थापन झाली आणि तिचा कारभार प्रामुख्याने बड्या निवासी शाळांतून शिकलेल्या, खाऊनपिऊन सुखी अशा मंडळींच्या हातात होता. उत्तरेकडे यॉर्कशरमध्ये चित्र वेगळे होते. हॅलिफॅक्स, ब्रॅडफर्ड, हडर्सफील्ड ही लोकरीच्या गिरण्यांची गावे, तर वेकफील्डच्या आसपास कोळशाच्या खाणी. १८५० च्या कारखाना कायद्याने तेथील कापड गिरण्या शनिवारी दुपारी दोन वाजता बंद होऊ लागल्या होत्या, त्यामुळे कामगाराला खेळायला आणि खेळ पाहायला एक मोकळी दुपार मिळाली. (आपल्या गिरणगावाला रविवारची सुटी मिळाली ती नारायण मेघाजी लोखंडे यांच्या लढ्यामुळे, १८९० मध्ये, म्हणजे येथे कामगार आठवड्याची पहिली सुटी मिळवत होता तेव्हा यॉर्कशरमध्ये सुटीच्या दिवशीच्या खेळावरून रण माजायच्या बेतात होते.)

अशा वातावरणात १८७७ च्या हिवाळ्यात यॉर्कशर चषक सुरू झाला आणि पहिल्याच वर्षी हॅलिफॅक्सने अंतिम सामन्यात यॉर्क संघाला हरवून तो जिंकला. पुढील दहा वर्षांत वेकफील्ड ट्रिनिटीने तो चार वेळा नेला. लोकांनी या चषकाला लाडाने जे नाव दिले त्याचा आपल्याकडचा अर्थ ‘जुना पत्र्याचा डबा’ असा होतो. आपल्याच वस्तूची अशी टिंगल माणूस जीव जडल्यावरच करतो. शेजारच्या गावाला हरवण्याची ईर्षा, सामन्याला लोटणारी गर्दी आणि दारावर जमणारे पैसे यांमुळे क्लबांची भरभराट झाली. लंडनच्या धुरीणांना मात्र चषक स्पर्धा हा प्रकारच पसंत नव्हता. त्यातून पैजा, धसमुसळेपणा आणि शेवटी पैसे घेऊन खेळणारे खेळाडू येतात, अशी त्यांना धास्ती होती, आणि शेवटची धास्ती निराधार नव्हती. १८८६ मध्ये त्यांनी हौशी खेळाचे कडक नियम केले.

आता खाड्याकडे येऊ. खाणीत किंवा गिरणीत शनिवारी सकाळची पाळी असलेल्या खेळाडूला दूरच्या गावी सामन्यासाठी निघायचे तर कामावर जाता येत नसे आणि तेवढी मजुरी बुडे. हजारो प्रेक्षक पैसे मोजून ज्याचा खेळ पाहत, त्याच्या घरात त्या आठवड्याला पैसे कमी येत. ही बुडालेली मजुरी क्लबने भरून द्यावी, एवढीच यॉर्कशरची मागणी होती. सप्टेंबर १८९३ मध्ये लंडनच्या सर्वसाधारण सभेत यॉर्कशरच्या प्रतिनिधींनी तसा ठराव मांडला आणि तो २८२ विरुद्ध १३६ मतांनी पडला. ज्यांचा खाडा कधी पडतच नव्हता त्यांनी खाड्याची भरपाई अनीतीची ठरवली, असे आमचे मत आहे.

२९ ऑगस्ट १८९५ रोजी हडर्सफील्डच्या जॉर्ज हॉटेलात जमून उत्तरेच्या क्लबांनी युनियनमधून बाहेर पडण्याचा निर्णय घेतला आणि नॉर्दर्न युनियन ही वेगळी संस्था काढली. तिने सुरुवातीला खाड्यापोटी दिवसाला सहा शिलिंगांपर्यंतच भरपाई मान्य केली. खुलेआम पगारदार खेळाडू त्यानंतर आले. म्हणजे फुटीच्या दिवशी नियमही तेच होते आणि खेळाडूही पंधराच होते. प्रेक्षक टिकवायचे तर खेळ अधिक वेगवान हवा, म्हणून पुढे नियम बदलत गेले आणि १९०६ मध्ये संघातील खेळाडू तेरा झाले. १९२२ मध्ये संस्थेचे नाव रग्बी फुटबॉल लीग झाले. उत्तरेचे खेळाडू गेल्याची किंमत इंग्लंडच्या राष्ट्रीय संघाने मोजली: १८९२ नंतर त्याला ब्रिटनमधील राष्ट्रांची अजिंक्यपद स्पर्धा थेट १९१० मध्ये जिंकता आली. पंधरांच्या रग्बीने खेळाडूंना मोबदला घ्यायची अधिकृत मुभा ऑगस्ट १९९५ मध्ये दिली, म्हणजे फुटीनंतर बरोबर शंभर वर्षांनी.

चषकाविषयी सांगायचे तर मूळचा ‘डबा’ पंधरांच्या रग्बीकडेच राहिला आणि यॉर्कशरमधील क्लब त्यासाठी पुढेही खेळत राहिले. तेरांच्या मंडळींनी १९०५ मध्ये त्याच नावाचा दुसरा चषक सुरू केला, तो १९९२-९३ च्या हंगामापर्यंत नियमितपणे होत असे. जुन्या नोंदी वाचताना यामुळे फार गोंधळ होतो, तेव्हा चिरंजीवांनी आधी साल पाहावे.

बॉम्बे जिमखान्यावर आपण पाहिली ती युनियन, टीव्हीवर दिसली ती लीग. खेळाडू न मोजताही दोन्ही ओळखता येतात. चेंडू घेऊन धावणारा खाली पाडला गेला की युनियनमध्ये त्याला चेंडू सोडावा लागतो आणि दोन्हीकडचे गडी त्यावर रेटारेटी करतात. लीगमध्ये तोच खेळाडू उठतो, चेंडू पायाखाली ठेवतो आणि टाचेने मागच्या साथीदाराकडे सरकवतो.