तक्रार केली तर पोरीचे हाल वाढतील का?

"ताई, झालं ते झालं. आता पोलीस, दवाखाना, कोर्ट... त्यातच पोर खचून जाईल." चोपड्याकडची एक आई पदराचं टोक पिळत म्हणाली. मुलगी ९ वर्षांची. (ओळख पटेल असे तपशील बदललेत.) हा प्रश्न ऐकल्याशिवाय माझा एक महिना जात नाही. "काही त्रास होणार नाही" असं मी म्हणत नाही, कारण ते खोटं असतं. गप्प बसायची मुभा मलाही नाही. मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या २०१२ च्या पॉक्सो कायद्याच्या कलम १९ प्रमाणे, अशी माहिती कळलेल्या प्रत्येकानं ती कळवायचीच असते. हे ऐकून आई रागावली, पण उठून गेली नाही.

मग ठरवलं, त्रास नेमका कशानं होतो ते मोजायचं. लाळेतलं कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाचं संप्रेरक, मोजता येतं, पण ते सकाळ-संध्याकाळ मुळातच बदलतं. शिवाय ताण अत्याचाराचा की चौकशीचा, हे ते सांगत नाही. मुलीच्या घरामागे केळीची बाग. तिच्याकडूनच कागदावर १० फण्यांच्या घडाचं चित्र काढून घेतलं. पोटात जेवढं ओझं, तेवढ्या फण्या रंगवायच्या. आईकडे भिंतीवरचं कॅलेंडर: रात्री दचकून उठली किंवा अंथरूण ओलं झालं, तर फुली.

जबाब घरीच झाला, साध्या कपड्यातल्या महिला अधिकाऱ्यांसमोर. कायदाच तसं सांगतो. आधी ८ फण्या, नंतर ५. रात्री फुली नाही.

दवाखान्यात मात्र केसपेपर काढतानाच, भर रांगेत, "काय झालं हिला?" असं विचारलं गेलं. त्या दिवशी तिनं दोनच फण्या रंगवल्या आणि मला हायसं वाटलं. पुढच्या चार रात्री फुल्याच फुल्या. बधिर झालेलं मूल आकडा कमी सांगतं, हे मी शिकलेली, तरी फसले.

सगळ्या १० फण्या रंगल्या त्या कोर्टाची तारीख पुढे ढकलली तेव्हा. "माले परत सांगनं पडी का?" एवढंच विचारलं तिनं. सांगण्यापेक्षा वाट पाहणं तिला जड जात होतं. मग आम्ही तारीख आदल्या संध्याकाळीच सांगायचं ठरवलं. सुनावणी नसताना तिला रिकामं कोर्ट दाखवून आणलं. आरोपी नजरेस पडू नये म्हणून पडद्यासाठी अर्ज केला. वकिलांचे प्रश्न न्यायाधीशांमार्फतच येतील, हेही तिला खेळण्यातल्या बाहुल्या मांडून समजावलं.

एक चूक माझीही. दर भेटीत मी घडाचा कागद पुढे सरकवायचे. एकदा तिनं न बघताच सगळा घड काळा केला आणि म्हणाली, "तुम्हीबी तेच विचारतात." माझं मोजमाप तिच्यासाठी आणखी एक जबाब झालं होतं. कागद बंद केला. आईचं कॅलेंडर तेवढं चालू ठेवलं.

साक्षीच्या दिवशी मी काहीच विचारलं नाही. जळगावहून परतताना एसटी तापीच्या पुलावर यायच्या आत ती आईच्या मांडीवर झोपली. दुसऱ्या दिवशी आईचा फोन आला: "रातभर एकदाच उठली, ताई. पाणी प्यायला."