प्रश्न विज्ञानाचे : मंगळावरील ठिपके, तांबडी माती आणि जीवसृष्टीचा शोध

प्रश्न : सप्टेंबर २०२५ मध्ये मंगळावर जीवसृष्टीच्या खुणा सापडल्याच्या बातम्या सर्वत्र आल्या. नववीचे विद्यार्थी अजूनही विचारतात, की बाई, जीव सापडला की नाही? त्यांना नेमके काय सांगावे? (एक शिक्षिका, फोंडा)

उत्तर : मंगळावर जीव सापडलेला नाही, असे त्यांना स्पष्ट सांगावे, पण तेवढ्यावर थांबू नये, कारण जे सापडले आहे ते फार मोलाचे आहे आणि नववीच्या मुलांना ते नीट समजू शकते. नासाचा ‘पर्सिव्हरन्स’ हा रोव्हर १८ फेब्रुवारी २०२१ रोजी जेझेरो नावाच्या विवरात उतरला. सुमारे साडेतीन अब्ज वर्षांपूर्वी या विवरात सरोवर होते, आणि त्याला मिळणाऱ्या नदीने आणून टाकलेला गाळ आजही खडकांच्या रूपाने तेथे दिसतो, म्हणूनच ही जागा निवडली गेली. जुलै २०२४ मध्ये, या सरोवराला पाणी पुरवणाऱ्या नेरेत्वा या प्राचीन नदीपात्रात, चिखल घट्ट होऊन बनलेला एक तांबूस खडक रोव्हरला आढळला. त्याला ‘चेयावा फॉल्स’ असे नाव देण्यात आले. त्याच्या पृष्ठभागावर फिकट रंगाचे, काळसर कडा असलेले ठिपके आहेत. रोव्हरच्या हातावरील उपकरणांनी केलेल्या तपासणीत या ठिपक्यांत व्हिव्हियनाइट हे लोह व फॉस्फेटचे आणि ग्रेगाइट हे लोह व गंधकाचे खनिज असल्याची चिन्हे दिसली, आणि त्याच चिखलदगडात सेंद्रिय कार्बनही आढळला.

या खनिजांचे महत्त्व समजावण्यासाठी गोव्यातल्या शिक्षकांना पुस्तकातल्या चित्रावर अवलंबून राहावे लागत नाही. ओहोटीच्या वेळी खाजन शेताच्या बांधालगत किंवा चोडण बेटावरील खारफुटीच्या कडेला चिखल थोडा उकरला, की वरच्या करड्या थराखाली काळा थर लागतो आणि कुजक्या अंड्यांसारखा वास येतो. त्या थरात प्राणवायू पोहोचत नाही. तेथील सूक्ष्मजीव प्राणवायूऐवजी लोहाची संयुगे व सल्फेट वापरून कुजलेल्या पालापाचोळ्यातून ऊर्जा मिळवतात, आणि या क्रियेत निर्माण झालेले सल्फाइड लोहाशी संयोग पावून काळी खनिजे तयार होतात. ग्रेगाइट हे त्यांपैकीच एक आहे. व्हिव्हियनाइटही पृथ्वीवर अशाच प्राणवायूविरहित गाळात, विशेषतः गोड्या पाण्याच्या तळाशी व दलदलीत, तयार होताना दिसते. चिखल, सेंद्रिय द्रव्य, लोह, गंधक आणि फॉस्फरस हे सारे चेयावा फॉल्समध्ये एकत्र आहे, आणि ठिपक्यांची रचना पाहता तेथे कधी काळी रासायनिक देवाणघेवाण झाली होती हेही उघड आहे. प्रश्न उरतो तो एवढाच, की ती सूक्ष्मजीवांनी घडवली की त्यांच्याविना घडली?

येथे घाई करून चालत नाही. निर्जीव मार्गाने सल्फेटचे सल्फाइड होण्यास सामान्यतः बरीच उष्णता लागते आणि हा खडक तसा तापल्याच्या खुणा दिसत नाहीत, ही जीवसृष्टीच्या बाजूची गोष्ट आहे. परंतु सेंद्रिय द्रव्याच्या सान्निध्यात लोहाचे रूपांतर कमी तापमानालाही आपोआप होऊ शकते, ही विरुद्ध बाजूची गोष्ट आहे. म्हणूनच १० सप्टेंबर २०२५ रोजी ‘नेचर’ या विज्ञानपत्रिकेत प्रसिद्ध झालेल्या शोधनिबंधात जोएल हुरोविट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याला ‘संभाव्य जैवखूण’ एवढेच म्हटले. एवढा मोठा शोध हाताशी असताना पुराव्यापलीकडे एकही पाऊल न टाकण्याच्या या संयमाबद्दल मला मनापासून आदर वाटतो, आणि बातम्यांच्या मथळ्यांत ‘संभाव्य’ हा शब्द गळून पडला याचे वाईट वाटते. आपल्या विद्यार्थ्यांनी तो एक शब्द लक्षात ठेवला तरी पुष्कळ झाले.

प्रश्न : आमच्या भागातील खाणींची माती लोहामुळे तांबडी आहे, आणि मंगळही लोहामुळेच तांबडा आहे असे वाचले. मग तेथेही येथल्यासारखेच पाणी आणि जीवन असावे, असे म्हणता येईल का? (एक वाचक, डिचोली)

उत्तर : पाण्याविषयी बऱ्याच अंशी होय, जीवनाविषयी नाही. आपला जांभा दगड मुसळधार पावसाने घडवला आहे. पावसाच्या पाण्याबरोबर सहज विरघळणारी द्रव्ये वाहून जातात आणि लोह व ॲल्युमिनियमची ऑक्साइडे मागे उरतात. मंगळाच्या धुळीतही लोहाची ऑक्साइडे आहेत. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार तेथील तांबडेपणाला मुख्यतः फेरिहायड्राइट हे पाणी सामावून घेणारे खनिज कारणीभूत असावे. डिचोलीच्या वाचकांना अधिक जवळची वाटावी अशी गोष्ट ‘ऑपॉर्च्युनिटी’ रोव्हरची आहे. कक्षेतील यानाला मेरिडियानी या सपाट प्रदेशात हेमॅटाइटचा मागमूस लागला होता, आणि हेमॅटाइट म्हणजे आपल्या खाणींतले मुख्य लोहखनिजच. त्याच्याच आधारे २००४ मध्ये हा रोव्हर तेथे उतरवण्यात आला. तेथे हेमॅटाइटच्या बारीक गोळ्या आणि जॅरोसाइट हे आम्लधर्मी पाण्यात तयार होणारे खनिज सापडले, त्यामुळे तेथे एकेकाळी पाणी होते याविषयी शंका राहिली नाही. मात्र लोह गंजण्यासाठी जीवाची गरज नसते, म्हणून केवळ रंगावरून जीवनाचा निष्कर्ष काढता येत नाही.

प्रश्न : रोव्हरवर एवढी उपकरणे असताना दगडाचा नमुना पृथ्वीवर आणण्याचा आग्रह कशासाठी? (महाविद्यालयीन विद्यार्थी, वास्को)

उत्तर : या आग्रहामागे १९७६ चा अनुभव आहे. ‘व्हायकिंग’ मोहिमेच्या दोन्ही यानांनी मंगळाच्या मातीवर पोषक द्रव टाकून पाहिला, तेव्हा वायू बाहेर पडला, जणू मातीत काही जिवंत आहे. पण माती तापवून तपासणाऱ्या दुसऱ्या उपकरणाला त्याच मातीत सेंद्रिय द्रव्य आढळेना; क्लोरीनयुक्त साधी संयुगे तेवढी दिसली, आणि ती यानाच्या स्वच्छतेसाठी वापरलेल्या रसायनांची मानली गेली. पोषक द्रवाच्या प्रयोगाचे प्रमुख गिल्बर्ट लेव्हिन मात्र जीव सापडल्याच्या मतावर अखेरपर्यंत ठाम राहिले. पुढे २००८ मध्ये ‘फिनिक्स’ यानाला मंगळाच्या मातीत परक्लोरेट हे क्लोरीन व प्राणवायूचे संयुग सापडले. माती तापवली की हे द्रव्य सेंद्रिय पदार्थ जाळून टाकते आणि नेमकी तशीच क्लोरीनयुक्त संयुगे मागे ठेवते, हे नंतर प्रयोगांनी दिसून आले. म्हणजे उपकरणाने आपले काम चोख केले होते. परंतु मातीत काय आहे हे ठाऊक नसताना प्रयोग आखला गेला होता, आणि कोट्यवधी किलोमीटर दूर असलेल्या यानावर तो बदलण्याची सोय नव्हती. पृथ्वीवरील प्रयोगशाळेत एका प्रयोगाने शंका निर्माण झाली तर त्याच दगडाच्या तुकड्यावर दुसरा, तिसरा प्रयोग करता येतो, समस्थानिकांचे (एकाच मूलद्रव्याच्या वेगवेगळ्या वजनांच्या अणूंचे) बारीक मोजमाप करता येते आणि वीस वर्षांनी नवे तंत्र आल्यावर पुन्हा तपासता येते.

आपल्या वास्कोतूनच देशाच्या अंटार्क्टिक मोहिमांचे नियोजन राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्र करते, म्हणून अंटार्क्टिकाचे उदाहरण देतो. तेथील ॲलन हिल्समध्ये १९८४ मध्ये मंगळावरून आलेली एक उल्का सापडली. १९९६ मध्ये तिच्यात सूक्ष्मजीवांच्या अवशेषांचा दावा झाला, आणि दगड हाताशी असल्यामुळेच जगभरच्या संशोधकांना तो वर्षानुवर्षे तपासता आला. आज बहुतेक तज्ज्ञ त्या खुणांचे स्पष्टीकरण जीवाविना देतात.

चेयावा फॉल्समधून काढलेला ‘सॅफायर कॅन्यन’ हा नमुना नळीत बंद करून पर्सिव्हरन्सवर ठेवलेला आहे. तो आणण्याचा खर्च ११ अब्ज डॉलरपर्यंत जाईल आणि नमुने २०४० पर्यंत पोहोचणार नाहीत असा अंदाज पुढे आल्यावर, २०२४ मध्ये नासानेच ती योजना परवडणारी नसल्याचे मान्य केले. दरम्यान चीनने ‘थिएनवेन-३’ मोहिमेद्वारे दुसऱ्या ठिकाणचे नमुने आणण्याचे ठरवले असून तिचे उड्डाण २०२८ च्या सुमारास अपेक्षित आहे. युरोपचा ‘रोझलिंड फ्रँकलिन’ रोव्हरही त्याच वर्षी निघणार आहे. जेथे किरणोत्साराचा मारा कमी पोहोचतो अशा दोन मीटर खोलीपर्यंत तो छिद्र पाडू शकेल.