नवे सभासद घेताना बस कोणाला धरायची आहे?

प्रश्न : मॅडम, माझी पुतणी बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात शिकते. तिचं कॉलेज पॅसिफिक किनाऱ्यावर, पण 2024 पासून खेळतं अटलांटिक किनाऱ्यावरच्या ‘एसीसी’ या कॉलेज-संघटनेत! हा कुठला हिशेब? नवे सभासद घेताना बघतात तरी काय?
– एक वाचक, चोपडा

उत्तर : हिशेब टीव्हीचा आहे. बर्कलीची जुनी संघटना ‘पॅक-12’. तिच्यातली 12 पैकी 10 विद्यापीठं, बर्कली आणि स्टॅनफर्ड धरून, 2024 पर्यंत बाहेर पडली. लॉस एंजेलिसच्या दोन विद्यापीठांनी 2022 मध्येच ‘बिग टेन’ ही दुसरी संघटना गाठायचं ठरवलं होतं. तिथे फुटबॉलच्या (म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या) प्रक्षेपणाचा पैसा जास्त. आठ जण निघाल्यावर मागे राहिलेल्या बर्कली आणि स्टॅनफर्डला आसरा हवा होता.

एसीसीत मात्र एकमत नव्हतं. 15 पैकी 12 मतं लागत होती; सप्टेंबर 2023 मध्ये बरोबर 12 मिळाली. फ्लोरिडा स्टेट, क्लेमसन आणि नॉर्थ कॅरोलिना विरोधात गेले. एवढा प्रवास आपल्या विद्यार्थी-खेळाडूंसाठी योग्य नाही, असं नॉर्थ कॅरोलिनाच्या बहुसंख्य विश्वस्तांनी आदल्या दिवशीच जाहीर केलं होतं. बाजूने काय होतं? दोन्ही विद्यापीठांचा अभ्यासातला लौकिक, आणि सभासद वाढले की वाहिनीकडून वाढणारी रक्कम. बर्कली-स्टॅनफर्डने पहिली सात वर्षं प्रक्षेपणाचा फक्त 30 टक्के वाटा घ्यायचं कबूल केलं. त्यांच्याबरोबरच आत आलेल्या डॅलसच्या एसएमयू विद्यापीठाने तर नऊ वर्षं काहीच न घेण्याचं. उरलेला पैसा जुन्या सभासदांत वाटला जाणार. मतं वळली ती यामुळे, असं माझं मत.

फुटबॉलचा सामना आठवड्याला एक. व्हॉलीबॉल, सॉफ्टबॉलच्या मुली त्याच आठवड्यात दोन-तीनदा खेळतात, वर परीक्षा. दोन किनाऱ्यांमधल्या तीन तासांच्या वेळेच्या फरकाचा भार त्यांच्यावर पडतो.

मी खानदेशातल्या कॉलेजात क्रीडा संचालक होते, म्हणून मला हे जास्त लागतं. जळगावला सकाळी सामना असला की धडगावच्या मुली आदल्या दिवशीच एसटीने निघायच्या, शहाद्याला गाडी बदलायची, डब्यात कळण्याची भाकरी आणि ठेचा. घरून पहिला प्रश्न : मुक्काम कुठे आणि सोबत बाई कोण आहे? याचं उत्तर नसलं तर चांगली खेळणारी मुलगी घरीच राहायची. 1990 मध्ये जळगावला विद्यापीठ झालं आणि आमची कॉलेजं पुणे विद्यापीठातून बाहेर पडली. त्याचा मोठा फायदा अशा मुलींना झाला. आपले आंतरविद्यापीठ सामनेही आधी विभागवारच होतात.

त्यामुळे मला विचाराल तर फुटबॉल वेगळा काढावा. त्याला पैसा मिळेल तिथे जाऊ द्यावं. बाकीचे खेळ जवळच्या कॉलेजांशीच ठेवावेत, आणि नव्या सभासदावर मत टाकण्याआधी प्रत्येक कुलगुरूंनी आपल्या व्हॉलीबॉल संघाचं महिन्याभराचं वेळापत्रक समोर ठेवावं : बुडणारे तास, विमानं, परतीची वेळ, सगळं.