गुन्हेगारी टोळ्यांचा आलेख आणि संख्याशास्त्राची वाट

सप्रेम नमस्कार.

आपली कन्या भुसावळला बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षात संख्याशास्त्र शिकते. अमेरिकेतील पोलीस गुन्हेगारी टोळ्यांना आवर घालण्यासाठी सामाजिक जाळ्यांचे विश्लेषण वापरतात, हे वाचल्यापासून तिला तेच काम करायचे आहे आणि त्यासाठी तिला गुंडांच्या मागे हिंडावे लागेल की काय, अशी काळजी आपण पत्रात व्यक्त केली आहे. तसे हिंडावे लागत नाही. हे काम मुख्यतः नोंदींवर चालते : कोणाला कोणासोबत एकाच गुन्ह्यात अटक झाली, हे पाहून माणसांचे बिंदू आणि संबंधांच्या रेषा यांचा आलेख मांडला जातो आणि दोन गटांमधला दुवा कोण, हे गणिताने काढता येते.

समाजशास्त्रज्ञ अँड्र्यू पापाख्रिस्तोस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शिकागोतील १,३८,१६३ जणांच्या अशा जाळ्याचा अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध केला. एकाला गोळी लागली की त्याच्यासोबत पूर्वी अटक झालेल्यांचाही धोका वाढतो, असे त्यात दिसले. म्हणजे आधी कोणाला सावध करावे आणि कोणाला मदत द्यावी, हे त्यावरून ठरवता येते.

मात्र त्याच शहरातील पोलिसांनी गोळीबारात सापडण्याच्या धोक्यानुसार व्यक्तींना गुणांक देणारी यादी केली, तेव्हा यादीतील लोकांचे गोळीबाराला बळी पडणे कमी झाले नाही, उलट गोळीबाराच्या गुन्ह्यात त्यांना अटक होण्याचे प्रमाण वाढले, असे २०१६ च्या परीक्षणात आढळले आणि पुढे ती यादी बंद झाली. मला हा भाग सर्वांत महत्त्वाचा वाटतो. एका गल्लीत वाढलेले दोन चुलतभाऊ एकदा एकत्र पकडले गेले, तर आलेखात रेषा उमटते. पण त्या रेषेचा अर्थ काय, हे सॉफ्टवेअर सांगत नाही, आणि तो चुकला तर निरपराध मुलाच्या मागे पोलीस लागतात.

म्हणून तिने बी.एस्सी. पूर्ण करावी, जळगावच्या विद्यापीठात एम.एस्सी. संख्याशास्त्राला प्रवेश घ्यावा आणि सोबत समाजशास्त्र व फौजदारी कायदा नेटाने वाचावा. पुढे गुन्हेशास्त्राकडे वळायचे ठरले, तर मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेचा विचार करावा. प्रमाणपत्र देणाऱ्या महागड्या खासगी वर्गांवर मात्र आपण पैसे घालवू नयेत, कारण आर व पायथन या संगणकभाषा आणि जाळी रेखाटणारे गेफी हे सॉफ्टवेअर ही साधने विनामूल्य मिळतात. या सुट्टीत तिने एसटीच्या वेळापत्रकावरून जळगाव जिल्ह्यातील गावांचे जाळे मांडावे आणि कोणते स्थानक बंद पडले तर सर्वाधिक गावे तुटतील, हे काढून पाहावे. हा हिशेब तिला मनापासून आवडला, तर एम.एस्सी.चा अर्ज भरायला हरकत नाही.