झाड समस्थानिकांचं ‘विभाजन’ करतं का?

प्रश्न : ‘वनस्पती शोषलेल्या संयुगांतील समस्थानिकांचे विभाजन करतात’ असं वाक्य एका शेतीविषयक लेखात वाचलं. म्हणजे कपाशीचं झाड अणू फोडतं का? तसं नसेल, तर इथे ‘विभाजन’ बरोबर आहे का?

समस्थानिक म्हणजे एकाच मूलद्रव्याचे कमी-जास्त वजनाचे अणू. झाडात अणू फुटत नाही. तो फुटला तर त्याला ‘विखंडन’ म्हणतात आणि ते अणुभट्टीत होतं, धरणगावच्या शेतात नाही. ‘विभाजन’ही चुकीचंच, कारण त्या शब्दाने दोन वेगळे ढीग पडल्याचं चित्र उभं राहतं. इथे ढीग पडत नाहीत, प्रमाण जरासं हलतं.

किती हलतं ते पाहा. हवेतल्या कार्बन डायऑक्साइडमधले १ लाख कार्बन अणू मोजले, तर त्यात जड कार्बन-१३ साधारण १,०९७ निघतात. कपाशीच्या पानात तेच सुमारे १,०७५. फरक लाखात बाविसाचा. याला ‘प्रभाजन’ हा शब्द योग्य. ‘प्रभाजी ऊर्ध्वपातन’मुळे तो शाळेपासून कानावर आहे, आणि थोडंथोडं वेगळं होत जाण्याची छटाही त्यात आहे.

बोलताना ‘निवडणं’ चालेल का? मला तो पटत नाही. तांदूळ निवडणारी बाई खडा ओळखून काढते; झाडाला काही ओळखता येत नाही. त्यापेक्षा ‘पाखडणं’ जवळचं. सुपात वजनच काम करतं, आणि थोडा भुसा राहतोच. मात्र इथे उलटं आहे : सुपात जड ते राहतं, पानात हलकं आधी आत जातं.

‘समस्थानिक’ शब्दाचा ‘स्थानिक’शी, म्हणजे गावातल्याशी, काही संबंध नाही. आवर्तसारणीत एकाच जागी बसणारे ते समस्थानिक. १९१३ साली रसायनशास्त्रज्ञ फ्रेडरिक सॉडी यांनी ‘आयसोटोप’ हा मूळ इंग्रजी शब्द वापरात आणला. तो त्यांना मार्गारेट टॉड या डॉक्टर बाईंनी सुचवला होता. त्याचाही अर्थ ग्रीकमध्ये ‘समान जागा’ असाच. ‘स्थिर समस्थानिक’ यातला ‘स्थिर’ म्हणजे किरणोत्सारी नसलेला, एका जागी उभा असलेला नव्हे.

खरी गडबड त्या वाक्यातल्या ‘शोषलेल्या’ या शब्दात आहे. शोषण म्हणजे नुसतं आत ओढणं; स्वांगीकरण म्हणजे आत आलेल्याचं रूपांतर करून ते स्वतःच्या अंगात सामावून घेणं. मुळं पाणी ओढतात तेव्हा सहसा प्रभाजन होतच नाही; विहिरीचं पाणी जसं, तसंच खोडात सापडतं. पानातून बाष्प उडायला लागलं की हलकं पाणी आधी जातं आणि पानात जड ऑक्सिजन-१८ साठतो. नायट्रेटचंही तसंच : मुळाच्या दारात फारसा फरक पडत नाही, तो पडतो आत, नायट्रेट रिडक्टेज हे विकर (एन्झाइम) त्याचं रूपांतर करतं तेव्हा. न वापरलेलं, जडावलेलं नायट्रेट मुळातून परत बाहेर झिरपतं. पण कुंडीत नायट्रेट मोजकंच असेल आणि झाडाने सगळं संपवलं, तर अख्ख्या झाडात प्रभाजनाचा मागमूस उरत नाही. पाखडायला मागे काही शिल्लक राहावं लागतं.

कार्बनचा हिशोब मांडता येतो : प्रभाजन = ४.४ + २२.६ × (पानाच्या आतल्या आणि बाहेरच्या कार्बन डायऑक्साइडचं गुणोत्तर). ठिबकवरच्या कपाशीत हे गुणोत्तर ०.७ धरलं, तर उत्तर हजारी २०.२ येतं. कोरडवाहूत पाण्याच्या ताणाने पर्णरंध्रं मिटून ते ०.५ झालं, तर १५.७. आत येणारा वायूच तुटपुंजा असला की रुबिस्कोला, म्हणजे कार्बन डायऑक्साइड पकडणाऱ्या विकराला, पाखडायला वाव नसतो. अडला हरी!

दादर ज्वारीचं गणित निराळं. तिथे पहिलं विकर वेगळं असतं आणि रुबिस्को आतल्या बंदिस्त पेशींत काम करतं, म्हणून प्रभाजन थोडंच होतं. मोजमापात कार्बन-१३चं प्रमाण एका ठरलेल्या प्रमाण नमुन्यापेक्षा हजारी किती कमी ते वजा आकड्याने लिहितात : ज्वारी वजा १२च्या आसपास, उडीद वजा २७च्या आसपास. ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरीतला तीन चतुर्थांश कार्बन ज्वारीचा धरला, तर भाकरी वजा १५.७५वर येईल. मात्र इथे ‘उडदाचा आकडा जास्त’ किंवा ‘कमी’ म्हणू नका, वजा चिन्हामुळे वाचणारा हमखास फसतो. ‘उडीद हलका, ज्वारी जड’ म्हणा.

अशा मोजमापासाठी प्रयोगशाळेत मुळांचा नमुना देणार असाल, तर काळ्या मातीतली चुनखडी सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाने आधी घालवा. चुन्यातला कार्बन बराच जड असतो आणि आकडा जड बाजूला ओढतो. नायट्रोजनसाठी मात्र आम्लाने न धुतलेला भाग वेगळा ठेवा; आम्लात काही नायट्रोजन विरघळून जातो.

ते वाक्य असं लिहावं : ‘वनस्पती संयुगांचं स्वांगीकरण करताना त्यांतल्या समस्थानिकांचं प्रभाजन होतं.’ ‘करतात’ नको, ‘होतं’ हवं.